ओंडक्यावरचा शिक्का आणि वहीवरचं झाड

गेल्या उन्हाळ्यात जांबोटीच्या पुढं, मामांच्या गावी, जुन्या घराचं दार बदलायचं काम निघालं. परड्यातली दोन सागाची झाडं त्यासाठीच राखून ठेवली होती. अर्ज झाला, वन खात्याची माणसं येऊन बघून गेली, झाडांवर खुणा झाल्या, तोड झाली. मग ओंडक्यांच्या तोंडाला हातोड्याचे शिक्के बसले, वाहतुकीचा पास मिळाला आणि ओंडके ट्रॉलीतून खानापूरच्या सॉमिलकडं गेले. सगळं रीतसर. सत्तरी पार केलेले मामा तो पास प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून देव्हाऱ्यामागं ठेवतात, म्हणजे बघा.

माझी मुलगी पुण्यात फर्निचर निर्यात करणाऱ्या एका कंपनीत आहे. सुट्टीला आली होती. तिनं सहज विचारलं, “आजोबा, लाकूड सर्टिफाइड आहे का?”

मामा म्हणाले, “शिक्का हाय की. पास बी हाय. आणि काय पाहिजे तुझ्या कंपनीला?”

सुतार रंधा थांबवून हसला. “सागवान हाय ताई. गाभा बघा की. सर्टिफिकेट कशाला लागतंय?”

तिघंही आपापल्या जागी बरोबर होते. सुतार लाकडाच्या जातीबद्दल बोलत होता, मामा कायद्याबद्दल बोलत होते आणि मुलगी तिसऱ्याच गोष्टीबद्दल विचारत होती. हातोड्याचा शिक्का सांगतो की हे झाड तोडायची परवानगी होती. झाड जिथून आलं त्या जंगलाचं पुढं काय होणार, तिथं पुन्हा काही उगवणार का, तिथल्या ओढ्याचं पाणी गढूळ झालं का, तोडणाऱ्या मजुराच्या डोक्यावर टोपी होती का, रानात ज्यांचा हक्क होता त्यांना कुणी विचारलं का, हे तो सांगत नाही. तेवढ्यासाठी जगात एक वेगळी व्यवस्था उभी राहिली आहे. तिला शाश्वत वनव्यवस्थापनाचं प्रमाणीकरण म्हणतात. शब्द जड आहे, म्हणून या लेखात मी नुसतं ‘प्रमाणपत्र’ म्हणेन.

तुमच्या घरात ते बहुधा आधीच येऊन बसलंय. मुलांची एखादी चांगल्या कागदाची वही उलटी करून बघा, नाहीतर फळांच्या रसाचा टेट्रा पॅक. एका झाडाची रेघ आणि तिलाच जोडलेली बरोबरची खूण, खाली ‘एफएससी’ अशी अक्षरं. किंवा दोन झाडं एका वर्तुळात असतील, ते ‘पीईएफसी’. जगात अशा प्रमाणपत्राच्या या दोन व्यवस्था मोठ्या, एक फॉरेस्ट स्टुअर्डशिप कौन्सिल (एफएससी) आणि दुसरी प्रोग्रॅम फॉर द एंडॉर्समेंट ऑफ फॉरेस्ट सर्टिफिकेशन (पीईएफसी). बाकीच्या बऱ्याच देशी व्यवस्था पीईएफसीच्या छत्रीखाली येतात.

आता गंमत अशी आहे की सोन्याचा हॉलमार्क आणि लाकडाचं प्रमाणपत्र या दोन गोष्टी दिसायला सारख्या असल्या तरी आतून फार वेगळ्या आहेत. सोनं कसाला लावता येतं, यंत्राखाली धरता येतं. किती कॅरेट ते दागिन्यातच असतं. चांगल्या सांभाळलेल्या जंगलातली फळी आणि रातोरात उजाड केलेल्या डोंगरावरची फळी मात्र तुम्ही घासा, तासा, हुंगा, दोन्ही सारख्याच. चांगुलपणा फळीत नसतो, ती जिथून आली त्या जागेत असतो. म्हणून जागा तपासावी लागते, आणि मग त्या जागेपासून तुमच्या हातापर्यंत प्रत्येक माणसानं “हे तेच लाकूड” म्हणून कागद धरून ठेवावा लागतो.

हा दुसरा भाग किती नाजूक आहे ते मला खानापूरच्या सॉमिलमध्ये कळलं. शिक्का असतो ओंडक्याच्या तोंडाला. ओंडका पट्ट्यावर चढला, पहिली फळी निघाली, दुसरी निघाली, कडेचा तुकडा छाटला गेला आणि शिक्का भुशाच्या ढिगात जाऊन पडला. आमच्या फळ्या शेजारच्या गिऱ्हाइकाच्या फळ्यांशेजारी रचल्या गेल्या. त्या आपल्याच हे मी कशावरून ओळखलं? मिलवाल्यानं खडूनं ‘जां’ असं लिहिलं होतं म्हणून. प्रमाणपत्राच्या भाषेत त्या खडूच्या अक्षराला ‘चेन ऑफ कस्टडी’ म्हणतात, म्हणजे ताब्याची साखळी. तोडणारा, चिरणारा, प्लायवूड करणारा, फर्निचरवाला, छापखाना, जो जो माल विकत घेऊन पुढं विकतो त्याच्याकडं हे साखळीचं प्रमाणपत्र लागतं. एक कडी सुटली की पुढच्या कुणालाही ती खूण वापरता येत नाही, मग मूळ जंगल कितीही उत्तम असो.

मी उद्यमबाग या बेळगावच्या औद्योगिक वसाहतीत कास्टिंगच्या, म्हणजे धातूच्या ओतकामाच्या धंद्यात क्वालिटी बघायचो, त्यामुळं ‘ऑडिट’ या शब्दाला आम्ही बेळगावची माणसं नवखी नाही. परदेशी गिऱ्हाईक आलं की आयएसओ, मग दरवर्षी तपासणी, मग ‘हे सुधारा, ते सुधारा’ अशी यादी. जंगलाचंही अगदी तसंच चालतं. नियम लिहिणारी संस्था वेगळी, म्हणजे एफएससी किंवा पीईएफसी. जंगलात जाऊन तपासणी करणारी कंपनी वेगळी. आणि तपासणाऱ्या कंपनीची लायकी तपासणारी आणखी तिसरी. एफएससीचं प्रमाणपत्र पाच वर्षांचं असतं, आणि मधल्या काळात दरवर्षी तपासणी. मोठी चूक सापडली आणि मुदतीत दुरुस्त झाली नाही तर प्रमाणपत्र निलंबित होतं.

तपासणीला येणारे नुसत्या झाडांच्या रांगा मोजत नाहीत. एफएससीची दहा तत्त्वं आहेत. देशाचा कायदा पाळणं, कामगारांचे हक्क, आदिवासी आणि मूळ रहिवाशांचे हक्क, गावांशी संबंध, पर्यावरण, लेखी आराखडा, नोंदी ठेवणं, आणि ज्याला ‘उच्च संवर्धन मूल्य’ म्हणतात ते जपणं. या शेवटच्याचा अर्थ आपल्याकडच्या उदाहरणानं लगेच कळतो. भीमगडच्या रानात बारापेडेच्या गुहा आहेत. रॉटनच्या वटवाघळाचं त्या गुहांतलं घर ही जगात फार थोड्या ठिकाणी सापडणारी गोष्ट. अशी जागा नकाशावर वेगळी काढून ठेवायची आणि तिला हात लावायचा नाही. भीमगड २०११ पासून अभयारण्यच आहे, त्यामुळं तिथं तोडीचा प्रश्न नाही. पण मालकीच्या किंवा कंपनीच्या रानातसुद्धा देवराई असेल, पाण्याचा झरा असेल, तर हाच नियम लागतो.

हे सगळं सुरू कसं झालं? १९८० च्या दशकात अमेझॉन आणि आग्नेय आशियातली रानं झपाट्यानं तुटत होती. युरोपातल्या लोकांनी उष्ण प्रदेशातल्या लाकडावर बहिष्कार टाकायला सुरुवात केली. पण बहिष्काराचा उलटा परिणाम होतो. जंगलातल्या लाकडाला किंमतच उरली नाही तर मालक जंगल काढून सोयाबीन पेरतो, गुरं सोडतो. १९९२ मध्ये रिओच्या वसुंधरा परिषदेत सगळ्या देशांना बंधनकारक असा जंगलांचा करार व्हावा असे प्रयत्न झाले, ते फसले. सरकारांना जमलं नाही ते बाजाराकडून करून घ्यावं, असं ठरवून पर्यावरणवाले, लाकूड व्यापारी आणि आदिवासींच्या संघटना १९९३ मध्ये कॅनडातल्या टोरांटोत जमल्या आणि एफएससी जन्मली. तिच्या रचनेतली मला आवडलेली गोष्ट म्हणजे मतदान. सभासदांचे तीन गट आहेत, आर्थिक, सामाजिक आणि पर्यावरणीय. तिघांचं वजन सारखं, आणि प्रत्येक गटात श्रीमंत उत्तरेला आणि गरीब दक्षिणेला सारखी मतं. पैसेवाल्या कंपन्या कितीही सभासद झाल्या तरी त्यांना बाकीच्या दोघांच्या डोक्यावरून जाता येत नाही.

पीईएफसी नंतरची, १९९९ ची. युरोपातल्या छोट्या वनमालकांना वाटलं की एफएससीचे नियम अमेझॉन डोळ्यासमोर ठेवून लिहिलेत, आपल्या वीस-तीस हेक्टरच्या घरच्या रानाला ते परवडत नाहीत. त्यांनी आपली वेगळी चूल मांडली. तिथं प्रत्येक देश आपला मापदंड लिहितो आणि पीईएफसी तो तपासून मान्य करते. एफएससीवाले म्हणतात पीईएफसी मवाळ आहे, कारण ती वनमालकांनीच उभी केली. पीईएफसीवाले म्हणतात एफएससी शहरी लोकांची आहे. माझं मत विचाराल तर दोघांच्या बोलण्यात तथ्य आहे, आणि खूप जंगलांकडं आता दोन्ही प्रमाणपत्रं आहेत, त्यामुळं भांडणातला जोर कमी झालाय.

इथं एक आठवण काढल्याशिवाय राहवत नाही. टोरांटोच्या सहा वर्षं आधी, १४ नोव्हेंबर १९८७ ला, तेव्हाच्या धारवाड जिल्ह्यातल्या कुसनूर गावात लोक एकत्र जमले. गावांच्या वापरातली जमीन कारखान्याच्या लगद्यासाठी निलगिरी लावायला एका संयुक्त कंपनीला दिली गेली होती. लोकांनी निलगिरीची रोपं उपटली आणि त्या जागी स्वतःच्या उपयोगाची रोपं लावली. ‘कित्तिको हच्चिको’, म्हणजे उपटा आणि लावा. शिरसीकडचं अप्पिको, म्हणजे झाडांना मिठी मारून तोड अडवायचं आंदोलन, त्याच्याही आधीचं, १९८३ चं. रानाचा निर्णय घेताना भोवतालच्या गावांना विचारायचं असतं, हे आज प्रमाणपत्राच्या नियमावलीत कलम म्हणून बसलंय. आपल्या भागातल्या लोकांनी ते कलम कागदावर यायच्या आधीच बजावलं होतं.

आता जरा खुणेखालचे शब्द बघू, कारण फसगत तिथंच होते. एफएससीच्या खुणेचे तीन प्रकार आहेत. ‘शंभर टक्के’ म्हणजे सगळं लाकूड प्रमाणित रानातलं. ‘रिसायकल्ड’ म्हणजे रद्दीतून किंवा वापरलेल्या लाकडातून. आणि ‘मिक्स’. वह्या, खोके, प्लायवूड यांवर दिसतं ते बहुतेक वेळा ‘मिक्स’.

‘मिक्स’ समजायला दूध डेअरी आठवा. समजा, डेअरीवाल्यानं ठरवलं की काही घरांतलं दूध ‘नीट सांभाळलेल्या गोठ्याचं’ म्हणून घ्यायचं. असं चाळीस लिटर आलं, बाकीचं साठ लिटर इतर घरांतून आलं, आणि सगळं एकाच टाकीत गेलं. आता टाकीतनं निघालेल्या शंभर लिटरपैकी चाळीस लिटरच्या पिशव्यांवर तो ‘नीट गोठा’ असा शिक्का मारू शकतो, त्यापेक्षा एक लिटरही जास्त नाही. तुमच्या पिशवीतला प्रत्येक थेंब त्याच गोठ्यातला आहे का? नाही. पण आत जेवढं आलं तेवढंच बाहेर गेलं, हा हिशेब पक्का. कागदाच्या गिरणीत लगदा असाच एका टाकीत मिसळतो, म्हणून ही पद्धत. उरलेल्या साठ लिटरलाही किमान अट असते, पाणी घातलेलं चालत नाही. लाकडाच्या बाबतीत ती अट अशी की चोरटी तोड नको, लोकांचे हक्क तुडवून काढलेलं नको, नैसर्गिक रान उठवून तिथं लागवड किंवा शेती केली असेल तर तिथलं नको.

काहींना ही मिसळ म्हणजे लबाडी वाटते. मला वाटत नाही. शंभर टक्क्यांचीच अट घातली असती तर गिरण्या या फंदात पडल्याच नसत्या. पण दुकानदार ‘मिक्स’चा माल दाखवून “पूर्ण पर्यावरणपूरक” म्हणतो तेव्हा मात्र ती लबाडी असते.

आता जगाचा हिशेब. एफएससीखाली आज सुमारे १६ कोटी हेक्टर रान आहे. बेळगाव जिल्हा साडेतेरा लाख हेक्टरांच्या आत-बाहेरचा, म्हणजे असे जवळपास एकशेवीस जिल्हे. पीईएफसीखाली २८ कोटींच्या आसपास. दोन्हीकडं मोजलेलं रान वजा केलं की बेरीज बरीच खाली येते. जगात जंगल आहे ४०० कोटी हेक्टरांहून थोडं जास्त. म्हणजे दहा हेक्टरांमागं एक हेक्टर जेमतेम प्रमाणित, तीस वर्षांच्या खटाटोपानंतर.

आणि ते एक हेक्टर आहे कुठं? मुख्यतः कॅनडा, अमेरिका आणि युरोपात. फिनलंडचं जवळपास नव्वद टक्के रान पीईएफसीखाली आहे. पण फिनलंडचं रान धोक्यात कधी होतं? तिथं तोड केली की लागवड करायची, हा कायदाच जुना. जिथं रानं खरोखर जातात त्या अमेझॉन, कांगो, आग्नेय आशिया या पट्ट्यात प्रमाणित क्षेत्र थोडं आहे. माझ्या जुन्या धंद्याच्या भाषेत सांगायचं तर ज्या फाउंड्रीत आधीच सगळं चोख होतं तिनं आयएसओची पाटी लावली आणि जिथं भट्टीशेजारी माणसं अनवाणी फिरत होती तिथं ऑडिटर गेलाच नाही.

याचं एक कारण पैसा, त्याच्याकडं पुढं येतोच. दुसरं कारण जास्त मुळातलं आहे. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेच्या २०२५ च्या अहवालानुसार जगात दरवर्षी सुमारे १ कोटी ९ लाख हेक्टर जंगल साफ होतं, आणि त्याला मुख्य कारण शेती. गुरांची कुरणं, सोयाबीन, पामतेल. ज्यानं जंगल पेटवून कुरण केलं त्याला लाकूड विकायचंच नाही. त्याला लाकडाच्या प्रमाणपत्राची ना भीती ना लालूच. लाकडाचा शिक्का कितीही कडक केला तरी तो त्याच्यापर्यंत पोचत नाही.

तरी अपवाद आहेत, आणि ग्वाटेमालातला अपवाद सांगण्यासारखा आहे. तिथं माया संरक्षित क्षेत्रात सरकारनं १९९० च्या दशकात जंगलाचे मोठे भाग गावांच्या संघटनांना दीर्घ मुदतीनं चालवायला दिले. एक मोठी अट अशी, ठरलेल्या मुदतीत एफएससी प्रमाणपत्र मिळवायचं आणि टिकवायचं. गावं महोगनी मोजून मापून काढतात, रानातली पानं आणि फळं विकतात, वणवा विझवतात. या गावांच्या ताब्यातलं रान बऱ्यापैकी टिकलं, आणि त्याच संरक्षित क्षेत्रातल्या काही राष्ट्रीय उद्यानांत मात्र गुराढोरांच्या मालकांनी रान खाल्लं. प्रमाणपत्रामागं गावाचा हक्क उभा होता म्हणून हे जमलं, असं मला वाटतं. नुसत्या कागदानं वणवा विझत नाही.

साखळीची खरी परीक्षा २०२२ मध्ये झाली. रशियानं युक्रेनवर हल्ला केला आणि मार्चमध्येच दोन्ही संस्थांनी रशिया आणि बेलारूसच्या लाकडाला दार बंद केलं. पीईएफसीनं त्याला ‘संघर्षातलं लाकूड’ ठरवलं, एफएससीनं व्यापाराची प्रमाणपत्रं निलंबित केली. एकट्या रशियात एफएससीचं सहा कोटी हेक्टरांच्या आसपास रान होतं. एका फटक्यात तिचा पसारा आक्रसला. वरचा १६ कोटींचा आकडा म्हणूनच जुन्या आकड्यांपेक्षा लहान दिसतो, त्यात लबाडी नाही. पण रशियन बर्चचं प्लायवूड थांबलं का? २०२४ मध्ये युरोपीय संघाला कझाकस्तान आणि तुर्कस्तानमार्गे येणाऱ्या बर्च प्लायवूडवरही जादा शुल्क लावावं लागलं, कारण माल वळसा घालून येतोय हे तपासात दिसलं. शिक्का भुशात पडला की फळी कुठलीही होऊ शकते, तो हा प्रकार.

टीकाकारांचा सर्वात बोचरा मुद्दा वेगळाच आहे. तपासणाऱ्या कंपनीची फी कोण देतं? ज्याची तपासणी तोच. सामन्याच्या पंचाचं मानधन फलंदाजानं द्यावं तसं झालं हे. मी एका कारखान्यात होतो तेव्हा ऑडिटच्या आदल्या दिवशी भिंतींना चुना लागायचा, यंत्राखालचं तेल पुसलं जायचं, आणि दोन कच्च्या नोंदवह्या माझ्या स्कूटरच्या डिकीत जायच्या. ऑडिटर भला माणूस होता, पण त्यालाही पुढच्या वर्षी यायचं होतं. जंगल तर कारखान्याहून हजारपट मोठं. दोन-तीन दिवसांत निवडक जागा बघून निघायचं. ग्रीनपीस ही संघटना एफएससीच्या संस्थापकांत होती. तिच्या आंतरराष्ट्रीय शाखेनं २०१८ मध्ये सभासदत्व पुढं चालू ठेवलं नाही. जिथं कायदा आणि प्रशासन दुबळं आहे तिथं ही खूण रान वाचवू शकत नाही, असं तिचं म्हणणं पडलं. दुसऱ्या बाजूला, एवढी पारदर्शकता असलेली दुसरी व्यवस्था नाही म्हणून बाकीच्या मोठ्या संघटना आत राहून भांडतायत.

यावर युरोपनं वेगळा रस्ता धरला, कायद्याचा. २०२३ चा जंगलतोड विरोधी कायदा म्हणतो की लाकूड, कॉफी, रबर, कोको, पामतेल, सोयाबीन आणि गुरांपासूनचा माल युरोपात आणायचा तर तो नेमक्या कुठल्या शेतात पिकला त्याचे अक्षांश-रेखांश द्या, आणि ३१ डिसेंबर २०२० नंतर तिथलं जंगल तुटलेलं नाही हे दाखवा. शेतीमाल आत घेतला हे यातलं महत्त्वाचं. एफएससी असेल तर उपयोग होईल, पण तेवढ्यावर सुटका नाही. कायदा दोनदा पुढं ढकललाय, तरी कोडगूचे कॉफीवाले आतापासून मोबाइलवर मळ्यांचे नकाशे काढतायत. माझ्या मुलीच्या प्रश्नाचं मूळही तिथंच. तिच्या कंपनीच्या गिऱ्हाइकांनी विचारायला सुरुवात केली, म्हणून तिनं आजोबांना विचारलं.

शिसवीचं तर याआधीच झालं. आपल्या रानातली शिसव ज्या डालबर्जिया वंशातली, तो सगळा वंश जानेवारी २०१७ पासून संकटग्रस्त प्रजातींच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या यादीत आला. हेतू चिनी बाजारात जाणारं रोजवूड वाचवायचा होता, मार बसला सहारनपूरच्या नक्षीकाम करणाऱ्यांना. मग हस्तकला निर्यात परिषदेच्या ‘वृक्ष’ या योजनेचा कागद जोडायची सोय झाली आणि २०२२ मध्ये छोट्या वस्तूंना सवलत मिळाली.

आपल्या देशात प्रमाणपत्र उशिरा आणि अडखळत आलं, आणि त्याचं कारण आपल्या रानांचा इतिहास. जंगल बहुतेक सरकारी, आणि सरकारचा आधीपासून स्वतःचा कागद आहे, दर दहा वर्षांची कार्य आयोजना, जिला सगळे वर्किंग प्लॅन म्हणतात. १९८८ च्या वननीतीनं सांगितलं की कारखान्यांनी कच्चा माल शेतकऱ्यांकडून घ्यावा, नैसर्गिक रानाकडं बघू नये. १९९६ च्या डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयानं गोदावर्मन खटल्यात मंजूर आराखड्याशिवायची तोड थांबवली आणि बेकायदा सॉमिलांना कुलपं लागली. परिणाम असा की आज देशातल्या लाकडाचा मोठा वाटा बांधावरच्या, परड्यातल्या, शेतातल्या झाडांतून येतो. दांडेलीची कागदगिरणी एकेकाळी रानातल्या बांबूवर चालायची. आता निलगिरी, सुबाभूळ, सुरू असं लागवडीचं लाकूड लागतं.

म्हणजे आपल्याकडं प्रमाणपत्र कुणाला हवं? फिनलंडसारखं रान असणाऱ्याला नव्हे, मामांसारख्या साठ झाडं असणाऱ्याला. आणि एकट्या मामांना ते परवडत नाही. तपासणीला येणाऱ्या माणसाचा प्रवास, मुक्काम, अहवाल, याचा खर्च साठ झाडांना आणि साठ हजार झाडांना फारसा वेगळा नसतो. उपाय म्हणजे गट. शंभर-दोनशे शेतकरी एका प्रमाणपत्राखाली, नोंदी ठेवणारी एक संस्था, आणि तपासणारा येऊन त्यातली थोडी शेतं बघतो. कागदगिरण्यांना माल देणाऱ्या शेतकऱ्यांची बरीच प्रमाणपत्रं देशात अशीच चालतात. खर्च कंपनी करते, आणि मग मालही कंपनीलाच जातो. हा त्यातला गुंता.

देशी मापदंड आता तीन झालेत. २०१५ मध्ये स्थापन झालेल्या एनसीसीएफ या संस्थेच्या व्यवस्थेला २०१९ मध्ये पीईएफसीची मान्यता मिळाली. एफएससीनं भारतासाठीचा मापदंड २०२२ मध्ये आणला. आणि डिसेंबर २०२३ मध्ये केंद्र सरकारनं स्वतःची योजना जाहीर केली, तिची खूण ‘प्रमाण’. ती चालवायची जबाबदारी भोपाळच्या भारतीय वन व्यवस्थापन संस्थेकडं. या योजनेत जंगलाबाहेरच्या झाडांसाठी वेगळा भाग आहे, आणि मला जर कुठं आशा वाटत असेल तर ती या भागात. परदेशी गिऱ्हाईक ती खूण ओळखेल का, हा पुढचा प्रश्न.

नियमावली शहरात बसून लिहिली की काय होतं याचा दाखला आपल्या शेजारचाच आहे. १९७० च्या दशकात पर्यावरणशास्त्रज्ञ माधव गाडगीळांनी कर्नाटक सरकारसाठी बांबूचा अभ्यास केला. बांबूच्या बेटाच्या बुडाशी काटेरी फांद्यांचं जाळं असतं. ते साफ केलं की बांबू चांगला वाढतो, असा वन खात्याचा शास्त्रीय समज होता. उत्तर कन्नडातल्या गावकऱ्यांनी गाडगीळांना सांगितलं, साहेब, काटे काढले की कोवळे कोंब गुरं खातात. बेट म्हातारं होतं, नवं काही येत नाही. तपासलं तेव्हा गावकऱ्यांचं खरं निघालं. आज कुणी ऑडिटर यादी घेऊन आला असता तर ‘बेटं साफ ठेवली आहेत का?’ या रकान्यात त्यानं बरोबरची खूण केली असती आणि बेट मेलं असतं. चांगला ऑडिटर आधी गुराख्याशी बोलतो. एफएससीच्या नियमांत गावाशी बोलणं सक्तीचं आहे ते यासाठीच. पण ते बोलणं कन्नड, मराठी, कोंकणी यांपैकी त्या गुराख्याच्या भाषेत होणार, की कंपनीचा माणूस मध्ये उभा राहून उलटसुलट सांगणार, यावर पुष्कळ अवलंबून आहे.

दार बसलं त्या संध्याकाळी मुलीनं वहीवरची खूण मामांना दाखवली. खुणेखाली एफएससी-सी आणि पुढं सहा आकडे असा क्रमांक असतो. तो संस्थेच्या संकेतस्थळावर टाकला की तो परवाना कुणाचा, अजून चालू आहे की रद्द झालाय, ते दिसतं. तिनं मोबाइलवर करून दाखवलं. मामांनी चष्मा लावून सगळं बघितलं.

“आणि हे आमच्या झाडास्नी लावलं तर घनफुटाला किती जास्त मिळंल?”

“खानापुरात? काहीच नाही,” ती म्हणाली. “निर्यातवाला घेणारा असला तर थोडं.”

मामा जरा वेळ गप्प बसले. मग परड्याकडं बोट करून एकेक बांध मोजायला लागले. वरच्या वाडीतल्या पाटलांची ऐंशी झाडं, शेजारच्या मळ्यातली चाळीस, ओढ्याच्या कडेची देसायांची शंभर तरी. “सगळी मिळून पाचशे व्हतील बघ,” ते म्हणाले. “लिवून कोण ठेवायचं पण?”

मुलगी वहीचं पान उलटून लिहायला बसली. पाटील, ऐंशी. मामा म्हणाले, ऐंशी नको लिहू, दोन गेल्या वळवाच्या पावसात पडली.